वळवात घरटं पडलं, बुलबुलाचं एक पिल्लू जिवंत आहे – काय करू? (तातडीने उत्तर हवंय)

मधुमालती | १२ मे, संध्याकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. चिंचवडहून लिहितेय. गॅलरीच्या ग्रिलवर आमचा मधुमालतीचा वेल आहे, त्यात लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. आज संध्याकाळच्या वळवात वेलाचा अर्धा पसारा खाली आला आणि घरटं बागेत पडून विस्कटलं. दोन पिल्लं होती. एक गेलं. दुसरं जिवंत आहे, सध्या चपलांच्या खोक्यात सुती कापडावर ठेवलंय.

डोळे उघडलेत. पंखांवर पिसांच्या नळ्या दिसतात, पोट उघडं आहे, शेपूट नाहीच. खोक्याला धक्का लागला की मान वर करून चोच फाडतं. सासूबाई म्हणतात दुधात पाव भिजवून दे, शेजारचे काका म्हणतात ड्रॉपरने साखरपाणी पाज. मी अजून काहीच दिलेलं नाही. जीव नुसता खालीवर होतोय. कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

तांबडीमाती | ७:४६

दूध नको, पाव नको, ड्रॉपर तर अजिबात नको. काही न देता थांबलात हे फार चांगलं केलंत. रानवाट दादा पक्ष्यांच्या बचावकामात असतात, त्यांना निरोप टाकलाय. तोवर खोकं पंख्याखालून हलवा आणि वरून पातळ कापड टाका.

रानवाट | ८:०५

मधुमालती ताई, हात धुऊन कोरडे करा आणि पिल्लाचं पोट नि पाय बोटांनी चाचपून बघा. तुमच्या हातापेक्षा गार लागतंय का? लागत असेल तर खाण्याचा विचार आत्ता करायचाच नाही. गारठलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं. पोटात गेलेलं तिथेच राहतं, आंबतं आणि त्यानेच पिल्लू दगावतं. चोच उघडतंय म्हणजे भूक लागलीय, भरवू या, असं वाटणं साहजिक आहे, पण आधी ऊब, मग घास.

प्लास्टिकच्या बाटलीत आंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी भरा, बाटली मोज्यात घाला आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे ऊब जास्त झाली तर त्याला बाजूला सरकता येईल. बल्ब लावू नका, अंग भाजतं आणि आतून कोरडं पडतं. सपाट कापडावर पाय फाकतात, आणि या वयात हाडं इतकी मऊ असतात की ते फाकणं कायमचं होऊ शकतं. आमटीच्या वाटीत टिश्यू पेपर गोल दाबून बसवा आणि पाय पोटाखाली राहतील असं त्याला आत ठेवा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात.

दूध का नको तेही सांगतो, सासूबाईंना समजावता येईल. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी गेलं की संपलं. पावाने पोट फुगतं, पोषण काहीच मिळत नाही. ड्रॉपरचा धोका सगळ्यात मोठा. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून थेंब सोडला की तो सरळ फुप्फुसात जाण्याची भीती. बुलबुल पिल्लांना अळ्या, किडे, पिकलेली फळं भरवतात, पाणी त्यातूनच मिळतं.

आता मला एक सांगा. पडल्यानंतर आई-बाप दिसले का?

मधुमालती | ८:२२

हो, दोघंही. पाऊस थांबल्यावर ग्रिलवर येऊन सारखे ओरडत होते. अंधार पडल्यावर गेले. पिल्लू थोडं गार लागतंय, बाटली ठेवलीय.

रानवाट | ८:२५

मग हे पिल्लू अनाथ नाही. ताई, आजची रात्र फक्त सांभाळायची आहे. उद्या ते त्यांचं त्यांना परत द्यायचं.

मधुमालती | ९:१२

आता छान ऊबदार लागतंय, हालचालही वाढलीय. सारखी चोच उघडतंय. रात्रभर उपाशी राहील का?

रानवाट | ९:२०

दोन-तीन घास द्या, तेवढे पुरे. अंडं उकडा, पिवळा बलक घ्या आणि पाण्याच्या बोटाने ओलसर करून मुगाएवढे गोळे करा. ओला हवा, पाणी सुटलेला नको. आईस्क्रीमची लाकडी काडी तासून टोक बोथट करा. त्याने आपणहून चोच उघडली की घास घशात मागच्या बाजूला ठेवा. चोच बोटांनी उघडायची नाही.

घास गिळला की ते मागे वळून शेपटीकडून पांढऱ्या पातळ पिशवीत गुंडाळलेली विष्ठा टाकेल. पिशवी आख्खी आली तर पोट ठीक चाललंय असं समजा. ती उचलून टाका, वाटी कोरडी राहिली पाहिजे.

मग खोकं झाका आणि झोपू द्या. बुलबुल रात्री पिल्लांना भरवत नाहीत, त्यामुळे उठून उठून बघायची गरज नाही. बाटलीतलं पाणी मात्र एकदा बदला.

उजाडायच्या आधी अर्धी करवंटी किंवा लहान टोपली घ्या. तळाला भोकं पाडा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी साचून पिल्लू बुडेल. जुन्या घरट्याचा तुकडा सापडला तर तो आत बसवा, नाहीतर सुकं गवत घाला. काथ्याचे सुटे धागे ठेवू नका, ते पायाला आवळतात. वेलाचा जो भाग अजून ग्रिलवर आहे त्यात, जुन्या जागेपासून हात-दीड हातावर, सावलीत, अजिबात हलणार नाही अशी ती बांधा. पिल्लू ठेवा, आत जा, दार लावा, पडदा ओढा. बघायचं असेल तर पडद्याच्या फटीतून. तुम्ही गॅलरीत उभ्या राहिलात तर ते जवळ येणार नाहीत आणि आपल्याला वाटेल त्यांनी टाकून दिलं.

अबोली_कुडाळ | ९:४१

पण एक शंका आहे. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई परत घेत नाही म्हणतात ना? आमची आजी तर सांगायची की चिमणीला माणसाने शिवलं की बाकीच्या चिमण्या तिला टोचून मारतात. ताईंनी हात लावलाय आता.

गावचा_पशुवैद्य | १०:०३

अबोली ताई, हे मीही लहानपणी ऐकलंय. घरोघरी ऐकवलं जातं. मुलांनी घरट्यात हात घालू नये म्हणून सांगत असतील तर मला त्याचा रागही नाही. पण ते खरं नाही.

बुलबुल, चिमणी, साळुंकी यांसारखे पक्षी आपलं पिल्लू माणसाच्या वासावरून नाकारत नाहीत. त्यांना दिसते ती उघडी चोच, ऐकू येतो तो आवाज, आणि लक्षात असते ती जागा. पक्षी-अभ्यासक घरट्यातली पिल्लं हातात घेतात, वजन करतात, पायात वाळं घालतात आणि परत ठेवतात. आई-बाप भरवत राहतात.

आई येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. माणसं तिथून हललेली नसतात.

मधुमालती, पिल्लाला कुठे जखम आहे का ते बघून घ्या. पंख दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, पोटावर काळंनिळं दिसतंय का, तोंडातून रक्त आलंय का. तसं काही असेल तर सकाळी परत ठेवायचं नाही, उपचार केंद्रात न्यायचं. तुमच्या भागातून बावधनला जाता येईल, तिथे वनविभाग आणि रेस्क्यू (RESQ) नावाच्या संस्थेचं वन्यजीव उपचार केंद्र आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही आहे.

मधुमालती | १०:१५

जखम दिसत नाही डॉक्टर. पंख सारखे आहेत. घास दिले, पिशवी आली, झोपलंय. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. सकाळी कळवते.

मधुमालती | १३ मे, सकाळी ९:०५

आले!!

उजाडताना करवंटी बांधून पिल्लू ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांत दोघं समोरच्या केबलवर येऊन बसले. एकाच्या चोचीत हिरवी अळी होती, ती घेऊन तो नुसता इकडून तिकडे उडत होता. करवंटीजवळ यायचा आणि परत जायचा. मध्येच एक कावळा ग्रिलवर टेकला तर दोघांनी मिळून त्याला हाकललं. मला इतकं रडू येत होतं की सासूबाईंनी पडद्यामागून ओढून आत नेलं. नंतर त्याच हाका मारायला आल्या, "गेला बघ आत." तेव्हापासून सारख्या फेऱ्या चालू आहेत. मोजणं सोडून दिलंय.

आता परत वळीव आला तर? वर प्लास्टिक बांधू का?

रानवाट | ९:३०

वा! दिवस चांगला सुरू झाला.

प्लास्टिक नको, वाऱ्याने फडफडलं की ते बिचकतील, आणि उन्हात आत भट्टी होईल. आई स्वतः पंख पसरून वर बसते. फारच वाटलं तर वेलाच्या तुटलेल्या फांद्या वरून आडव्या गुंतवा, यायची वाट मोकळी ठेवून. करवंटीची गाठ मात्र रोज लांबून बघत जा.

आणखी एक, कारण चार-पाच दिवसांत तुम्ही परत घाबरणार आहात. बुलबुलाची पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांची झाली की घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. शेपूट आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, अंगावर पिसं, आणि जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर टुणटुण उड्या. पडलेलं नसतं ते, बाहेर निघालेलं असतं. आई-बाप त्याला तिथेच, जमिनीवर येऊन भरवतात. त्या वेळी उचलायचं नाही. मांजर-कुत्रं असेल तर फार तर जवळच्या झुडपात वर ठेवायचं आणि निघून यायचं.

एप्रिल ते जुलै आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये निम्म्याहून जास्त पिल्लं अशीच असतात. धडधाकट, आई-बाप डोक्यावर ओरडतायत, आणि कोणीतरी मायेपोटी उचलून घरी आणलेलं. त्यांना जिथून उचललं तिथे परत ठेवा म्हणून सांगण्यातच आमचे दोन महिने जातात. म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो की आई-बाप कुठे आहेत.

गोदाकाठ | १३ मे, दुपारी १:५०

रानवाट दादा, वाचून आनंद झाला, पण आमची गोष्ट वेगळी आहे. मी नाशिकची. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत आमच्या रस्त्यावरचा जुना पर्जन्यवृक्ष बुंध्यापासून कापला. ओंडके ट्रकमध्ये भरून दुसरीकडे नेऊन टाकले, आणि तिथल्या एका ढोलीत साळुंकीची दोन पिल्लं निघाली. ट्रकवाल्या दादांनी जपून आणून दिली. झाड कुठलं, ढोली कुठली, आई-बाप कुठले? परत ठेवायला जागाच नाही. काल आम्ही झाडाच्या जागी खोकं ठेवून दिवसभर पाहिलं, कोणी आलं नाही. १९२६ ला फोन केलाय, उद्या माणूस येतो म्हणाले. तोवर काय देऊ? पिसं बऱ्यापैकी आलीत, दोघंही खूप ओरडतात.

गावचा_पशुवैद्य | २:२५

गोदाकाठ ताई, तुम्ही वाट पाहिलीत आणि फोन केलात, दोन्ही योग्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानातला पक्षी सरकारी मालमत्ता मानतात, आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. तुमचं ते झालंय.

साळुंकीच्या पिल्लांना प्रथिनं लागतात. रानात ती मुख्यतः किड्यांवर वाढतात. घरात जमण्यासारखं असं: पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजरीच्या पिल्लांसाठीचं कोरडं किटन फूड मिळतं. साधं घ्या, मासळीच्या तीव्र वासाचं नको. कोमट पाण्यात पूर्ण फुगेपर्यंत भिजवा, जास्तीचं पाणी दाबून काढा आणि वाटाण्याएवढे तुकडे करा. सोबत उकडलेलं अंडं. मिळाले तर नाकतोडे, डोकं आणि मागचे काटेरी पाय काढून. त्याच दुकानात मीलवर्मच्या अळ्या असतात, त्याही चालतील, पण डोकं चिरडून द्या. बागेतली गांडुळं नकोत, त्यांतून जंत जातात. फवारणी झालेल्या शेतातले किडेही नकोत.

भिजवलेल्या खाण्यावर समुद्रफेस (कॅल्शियमचा पांढरा तुकडा) बारीक वाटून चिमूटभर टाका. एक-दोन दिवसांत फरक दिसणार नाही, पण सवय असावी. माझ्याकडे दरवर्षी अशी पक्ष्यांची पिल्लं येतात ज्यांना लोकांनी आठवडा-दोन आठवडे भात, पोळी आणि केळ्यावर जगवलेलं असतं. बाहेरून गुबगुबीत दिसतात, उचलली की पाय वाकलेले. कॅल्शियमच नसतं त्यात. ती मुकी माया बघून फार वाईट वाटतं, कारण त्या लोकांनी रात्रंदिवस केलेलं असतं आणि पक्षी उभा राहू शकत नाही.

पिसं आलेली आहेत म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त दर अर्ध्या-पाऊण तासाने भरवा. चोच उघडायची थांबली की पोट भरलं, आणखी कोंबू नका. भिजवलेलं खाणं या उन्हात तासाभरात खराब होतं. थोडं थोडं भिजवा, उरलेलं फेका.

दोघांना एकाच खोक्यात ठेवा. वेगळं करू नका.

गोदाकाठ | २:४०

दोघांना एकत्र का? एक दुसऱ्याला ढकलून सगळं खातोय.

गावचा_पशुवैद्य | २:५१

काडी आधी गप्प असलेल्याकडे न्या, ओरडणारा आपोआप रांगेत येतो. एकत्र यासाठी की दोघांनी एकमेकांना बघत वाढायला हवं. एकट्याने माणसाच्या हातात वाढलेला पक्षी माणसालाच आपलं समजू लागतो. पुढे सोडला तरी थव्यात शिरत नाही, माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतो, आणि अनोळखी माणूस घाबरून त्याला काठी मारतो. म्हणून भरवताना बोलू नका, शीळ घालू नका, नाव ठेवू नका. घरात मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगा, त्यांच्यासाठी ते फार कठीण असतं.

वैदर्भी_ऊन | ४:१०

नागपूरहून एक गोष्ट जोडते, कारण वर सगळीकडे ऊब ऊब वाचून आमच्याकडचे लोक गरम पाण्याच्या बाटल्या लावत बसतील.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छपराखाली, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे केलेल्या घरट्यांमध्ये पिल्लं भाजतात आणि उडी मारून खाली पडतात. ती पिल्लं गार नसतात, तापलेली असतात. चोच उघडी असते, पण भुकेने नाही. मान वर ताणून, थरथरत, ओरडत उघडली तर भूक. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि उघड्या चोचीतून गळा भराभर धडधडतोय, तर ते धापा टाकतंय. अशाला सावलीत, हवेशीर जागी ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको, अंगावर पाणी ओतायचं नाही. जवळ ओलं कापड टांगलं तरी फरक पडतो. आणि लगेच तज्ज्ञांकडे. आमच्याकडे सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यजीवांचं तात्पुरतं उपचार केंद्र) आहे, उन्हाळ्यात तिथे अशा पक्ष्यांची रीघ लागलेली असते.

रानवाट | ४:३२

वैदर्भी ताई, अगदी बरोबर. मी लिहिलं ते पावसात भिजलेल्या, उघड्या पोटाच्या पिल्लासाठी होतं. आधी हात लावून बघायचं, मग ठरवायचं. तुमचा प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा.

हिरवागार | ८:१८

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळी पोपट होता. पिल्लू असताना झाडावरून पडलेला सापडला होता, आजीने डाळ भिजवून वाढवला. घरभर फिरायचा, सगळ्यांना नावाने हाक मारायचा, खूप वर्षं जगला. प्रेमाने सांभाळलं तर पक्षी घरात सुखी राहू शकतो. सगळेच पिंजऱ्यात कोंबणारे नसतात. अशा अनाथ पिल्लांना ज्यांना शक्य आहे त्यांनी कायमचं सांभाळलं तर बिघडलं कुठे?

तांबडीमाती | ८:४०

दादा, तुमच्या आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही. तो काळही वेगळा होता. पण आज आपला हिरवा पोपट पाळणं बेकायदेशीर आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तरी दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पोपटांच्या ढोल्या फोडल्या जातात, पिसं न आलेली पिल्लं टोपल्यांत भरून बाजारात येतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. विकणारा हेच सांगतो, "झाडावरून पडलेलं सापडलं." घरोघरी पिंजरा दिसतो म्हणून ते विकत घ्यायला कोणाला काही वाटत नाही.

आणि सुखाचं म्हणाल तर पोपट थव्याने राहणारा पक्षी. संध्याकाळी शेकडोंनी एका झाडावर उतरतात, भांडतात, जोड्या जमवतात. घरातल्या पोपटाला त्यातलं काय मिळतं? तो आपल्याला नावाने हाक मारतो कारण हाक मारायला दुसरं कोणी नसतं.

हिरवागार | ९:०२

असा विचार केला नव्हता. ढोल्या फोडण्याचं माहीत नव्हतं. विचार करतो.

अबोली_कुडाळ | १४ मे, सकाळी १०:२०

धागा चालू आहे तर पिंगळ्याचं विचारते. आमच्या मांगराच्या (शेतावरच्या गोठ्याच्या) वाशात पिंगळ्याचं, म्हणजे लहान घुबडाचं, घरटं आहे. एक पिल्लू रोज रात्री खाली येऊन बसतं. कापसाच्या गोळ्यासारखं आहे, मोठे पिवळे डोळे. गडी माणसं म्हणतात अशुभ आहे, हाकलून दे. मला हाकलायचं नाही. कोंबडीचे तुकडे घालू का?

रानवाट | ११:०५

हाकलू नका हे वाचून बरं वाटलं. उंदीर, घुशींची पिल्लं, टोळ, बीटल खाऊन पिंगळा शेतकऱ्याचं काम करतो, आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरतात ते याच अशुभाच्या समजुतीवर जगतात. गड्यांना हे सांगा.

खायला काही घालू नका. घुबडांची पिल्लं पूर्ण उडता येण्याआधी बाहेर पडून इकडेतिकडे चढत फिरतात. पायांच्या नख्या आणि चोचीने चढून परत वाशावर जातात. आई-बाप रात्री येऊन भरवतात, तुम्हाला फक्त दिसत नाही. शिवाय नुसतं बोनलेस चिकन घुबडाला पुरत नाही. त्यांना आख्खा उंदीर, हाडांसकट, केसांसकट लागतो. हाडांतून कॅल्शियम मिळतं, आणि केस-हाडांचा न पचलेला गोळा ते नंतर तोंडातून बाहेर टाकतात.

मांगरात मांजर येत असेल तर एक ओंडका वाशाला तिरका टेकवून ठेवा, चढायला सोपं जाईल. आणि उंदरांचं विष ठेवलं असेल तर आजच काढा. विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने पिल्लाला भरवला तर सगळं कुटुंब जाईल.

अबोली_कुडाळ | ११:२०

विषाच्या वड्या होत्या! आत्ता काढायला सांगितल्या. ओंडका संध्याकाळी लावते.

गोदाकाठ | १४ मे, दुपारी ३:१५

वनविभागाचे लोक येऊन दोन्ही पिल्लं घेऊन गेले. रोपवाटिकेजवळ मोठा पिंजरा आहे, तिथे आणखी साळुंक्या वाढताहेत, त्यांच्यातच सोडतील म्हणाले. उडायला लागली की पिंजऱ्याचं दार उघडं ठेवतात आणि खाणं काही दिवस तिथेच ठेवतात, म्हणजे एकदम उपाशी पडत नाहीत. फार बरं वाटलं. घर रिकामं वाटतंय खरं. डॉक्टर, तुम्ही नाव ठेवू नका म्हणालात म्हणून ठेवलं नव्हतं.

गावचा_पशुवैद्य | ३:४०

उत्तम. हात, भांडी, खोकं ठेवलेली जागा साबणाने धुऊन घ्या. ज्यांच्या घरात लहान बाळं, म्हातारी माणसं आहेत त्यांनी पक्षी हाताळल्यावर हे कटाक्षाने करावं. आणि एकाच ठिकाणी बरेच कावळे, बगळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर पिल्लू असो की मोठा पक्षी, हात लावायचा नाही, थेट पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू आला होता, ते विसरायला नको.

मांजराने धरलेल्या पिल्लाबद्दलही सांगून ठेवतो. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातातले जंतू आत जातात आणि एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. त्याला त्याच दिवशी प्रतिजैविक लागतं. ते डॉक्टरकडूनच घ्यायचं, घरातल्या गोळ्या चुरून देऊ नका.

लोकल_वाचक | २६ मे, रात्री ९:३०

धागा वर आणतो. डोंबिवली. एसीच्या डब्यावरच्या घरट्यातून होल्याचं पिल्लू आमच्या खिडकीत पडलं. घरटं म्हणजे पाच-सहा काड्या, तेही आता नाही. आई-बापांना आज दिवसभर पाहिलं, आले नाहीत, खाली एक मोठा होला मेलेला सापडला. पिल्लाला पिसं आहेत, मध्ये मध्ये पिवळे केस दिसतात. वरचं सगळं वाचून अंडं दिलं तर चोचच उघडत नाही. आजारी आहे का?

गावचा_पशुवैद्य | ९:४८

आजारी असेलच असं नाही. होले आणि कबुतरं बुलबुलासारखी चोच वासत नाहीत. त्यांचे आई-बाप, नर आणि मादी दोघंही, गळ्याच्या अन्नपिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार करतात आणि पिल्लू आपली चोच त्यांच्या चोचीत खुपसून तो पितं. पहिले काही दिवस दुसरं काहीच नसतं, म्हणून उघड्या अंगाचं होल्याचं पिल्लू घरी जगवणं जवळपास अशक्य. तुमचं पिसांचं आहे, म्हणजे आशा आहे.

त्यांना किडे, अंडं नको. गोठवलेले मटार कोमट पाण्यात ठेवून मऊ करा, आत गार राहता कामा नये. पिल्लू सैलसर कापडात गुंडाळून मांडीवर घ्या, चोचीच्या कडेला हळूच नख लावून उघडा आणि एकेक मटार जिभेच्या मागे ठेवा. गिळलं की दुसरा. या धाग्यातल्या पिल्लांपैकी हे एकच असं आहे ज्याची चोच आपल्याला उघडावी लागते. गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. मऊ, भरलेल्या उशीसारखी झाली की थांबा. ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत पुढचं खाणं नाही. सकाळपर्यंत तशीच टम्म राहिली आणि आंबूस वास आला तर पचन बिघडलंय, मटार बंद करून लगेच डॉक्टरकडे.

लोकल_वाचक | १०:३०

खाल्ले! पाच मटार गेले. अंग ऊबदार आहे. उद्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (प्राण्यांच्या दवाखान्यात) नेतो, ऑफिस त्याच बाजूला आहे. लोकलने कसं नेऊ? पिंजरा नाही.

रानवाट | १०:४१

पिंजरा नकोच, तारांत पिसं मोडतात. बुटांचं खोकं घ्या, बाजूंना पेन्सिलने भोकं पाडा, तळाला जुना सुती टीशर्ट, झाकण दोऱ्याने बांधा. आत पाण्याची वाटी ठेवू नका, सांडून भिजेल. निघायच्या अर्धा तास आधी भरवा, लगेच नको. वाटेत झाकण उघडून बघू नका, अंधारात ते शांत राहतं. मांडीवर घ्या, खांद्याच्या बॅगेत नको. पहाटेची गाडी पकडा, साडेआठनंतर त्या डब्यात खोकं चेपेल. आणि तिथे सांगायला एका कागदावर लिहून न्या: कधी सापडलं, कुठे, काय दिलं, किती वेळा. मोठा होला खाली मेलेला होता तेही लिहा.

लोकल_वाचक | १०:४५

पहाटेचीच पकडतो. कागद आत्ता लिहून ठेवतो.